तापलेला समुद्र आणि आपले भात

(ठाणे, कल्याण, भिवंडी, अंबरनाथ, शहापूर व मुरबाड या भागांतील शेतकऱ्यांसाठी)



"वादळ येते ते दर्यावर. आमचा गाव दर्यापासून वीस-पंचवीस कोस आत. कोळ्यांनी होड्या ओढाव्यात, आम्ही कशाला घाबरायचे?" असा प्रश्न शहापूर-मुरबाडकडे हमखास ऐकू येतो. वरवर पाहता तो रास्त वाटतो. चक्री वादळ जमिनीवर चढले की त्याचा जोर ओसरतो, ही गोष्ट खरी. पण ओसरतो तो वारा. वादळाने समुद्रावरून भरून आणलेले पाणी मात्र माळशेज आणि कसारा घाटाच्या पायथ्यापर्यंत येऊन पडते. आणि ते पडते नेमके नको त्या वेळी: एक तर मे-जूनमध्ये राब भाजून बी टाकायच्या बेतात आपण असतो तेव्हा, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापून शेतात आडवे पडलेले असते तेव्हा.

म्हणजे आपले दोन्ही नाजूक काळ आणि अरबी समुद्राचे वादळी काळ एकच आहेत. त्यात आता समुद्र पूर्वीपेक्षा जास्त तापू लागला आहे. त्याचा वादळांवर काय परिणाम होतो आणि आपण आपल्या शेतात काय बदल करावा, ते या पत्रिकेत सांगत आहोत.

चक्री वादळ कसे पेटते?

चक्री वादळाला चुलीची उपमा द्यावी. चुलीला सरपण लागते, तसे वादळाला गरम पाणी लागते. समुद्राच्या पाण्याची उष्णता साडेसव्वीस अंशांच्या वर गेली आणि ती नुसती वरच्या थरात नव्हे, तर सुमारे पन्नास मीटर खोलीपर्यंत असली, की सरपण तयार झाले म्हणावे.

अशा गरम पाण्याची वाफ सतत वर जाते. वर थंडावा लागला की वाफेचे ढग होतात, पाणी होते. आता बघा, पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच उष्णता वाफेचे पाणी होताना परत बाहेर पडते. त्या उष्णतेने वरची हवा आणखी हलकी होऊन वर चढते. खाली पोकळी पडते, म्हणजेच हवेचा दाब कमी होतो. ती पोकळी भरायला चारी बाजूंनी वारे धावतात आणि येताना आणखी वाफ घेऊन येतात. अशी ही चूल आपणच आपल्याला फुंकर घालते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे हे धावणारे वारे सरळ मध्याकडे न जाता वळतात आणि भोवरा तयार होतो. आपल्या उत्तर गोलार्धात तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की हवामान खाते त्याला 'चक्री वादळ' म्हणते व नाव देते. ताशी ८९ च्या पुढे 'तीव्र', ११८ च्या पुढे 'अतितीव्र' असा दर्जा चढत जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर पत्र्यावर, झाडावर, मांडवावर पडणारा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रत्येक मोठा पाऊस मात्र वादळाचा नसतो. २६ जुलै २००५ चा महापूर आपण विसरलेलो नाही. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हास नदीने बदलापूर-कल्याण परिसरात हाहाकार केला. तो भर मान्सूनचा पाऊस होता, चक्री वादळ नव्हते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे चक्री वादळ सहसा होत नाही, कारण त्या दिवसांत खालचे आणि वरचे वारे वेगवेगळ्या दिशांनी जोरात वाहतात आणि भोवऱ्याला उभेच राहू देत नाहीत. मान्सून येण्यापूर्वी आणि गेल्यावर हे वारे ढिले पडतात, समुद्र तर तापलेला असतोच. म्हणून वादळाचे दोन हंगाम झाले.

अरबी समुद्रात काय बदलले?

पूर्वी वादळे म्हटली की बंगालचा उपसागर, ओडिशा आणि आंध्र आठवत. तिकडे चार वादळे झाली तर अरबी समुद्रात एक, असा साधारण हिशेब होता. आपला समुद्र त्या मानाने थंड होता आणि अरबस्तानाकडून येणारी कोरडी हवा वादळाचा दम काढी. वादळे अजिबात येत नव्हती असे नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईवर मोठे वादळ आले होते, आणि ते ज्यांनी सोसले त्यांनी नातवंडांपर्यंत त्याच्या गोष्टी सांगितल्या. पण ती पिढीत एकदा घडणारी गोष्ट होती.

कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने पृथ्वीभोवती जी जादा उष्णता साठते आहे, तिच्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र पोटात घेतो. चार दशकांपूर्वीच्या मानाने अरबी समुद्राचे वरचे पाणी सुमारे १.२ ते १.४ अंशांनी तापले आहे. एवढ्याशा अंशाने काय होते, असे वाटेल. पण अंगात ताप एका-दीड अंशाने चढला की माणूस अंथरूण धरतो, नाही का?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन काळांची तुलना केली. दुसऱ्या काळात अरबी समुद्रातील चक्री वादळे ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि वादळे समुद्रात टिकून राहण्याचा एकूण काळ ८० टक्क्यांनी वाढला. बंगालच्या उपसागरात संख्या उलट थोडी घटली. अमुक एक वादळ केवळ समुद्र तापल्यामुळेच झाले, असे बोट दाखवून सांगता येत नाही. वारे, ढग, दूरच्या महासागरांची स्थिती अशी अनेक कारणे असतात. पण तापलेला समुद्र वादळाला तीन गोष्टी देतो, त्या नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट पावसाची. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. जिथे शंभर घागरी पाणी मावत होते, तिथे एकशे सात मावू लागले. ढग फुटला की ते सगळे खाली येते.

दुसरी गोष्ट वेगाने वाढण्याची. वादळ समुद्र घुसळते, तेव्हा खालचे थंड पाणी वर येते आणि पूर्वी त्यानेच वादळाची चूल विझत असे. आता खालचा थरही तापलेला असेल, तर घुसळून वर येते तेही गरम पाणीच. मग चूल विझत नाही. काल साधा कमी दाबाचा पट्टा होता, आज तीव्र वादळ झाले, असे घडते ते यामुळे.

तिसरी गोष्ट अंतराची. मोठे वादळ किनाऱ्याला शिवले नाही, तरी शेकडो कोसांवरून आपल्याकडे ढग लोटते.

गेल्या काही वर्षांचा अनुभव

११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. दिवस सुगीचे होते. कोकणात उभे भात लोळले, कापलेले भिजले.

डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' वादळ केरळकडून गुजरातकडे निघाले आणि सुरतजवळ येता येता विरले. तरीही ५ डिसेंबरला ठाणे-मुंबईत पाऊस झाला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. डिसेंबरात पाऊस म्हणजे वाल-हरभऱ्याच्या दिवसांत पाऊस!

२०१९ साली एकट्या अरबी समुद्रात पाच चक्री वादळे झाली. ऑक्टोबरअखेरचे 'क्यार' तर महाचक्री वादळाच्या दर्जाला पोचले. ते आपल्या किनाऱ्यावर आले नाही, पश्चिमेकडे निघून गेले. त्याच्या मागोमाग 'महा' आले. दोन्ही वादळे दूर समुद्रात, आणि भात भिजले आपले. दिवाळीच्या त्या पावसाने खाचरात पडलेल्या भाताला मोड आल्याचे अनेकांना आठवत असेल.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' आले. १ जूनला तो नुसता कमी दाबाचा तीव्र पट्टा होता. २ जूनला दुपारी वादळ झाले आणि नाव मिळाले. ३ जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वाऱ्यानिशी जमिनीवर चढले. नाव मिळाल्यापासून अंगावर येईपर्यंत पुरता एक दिवस. रायगड-रत्नागिरीतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या वेळी ठाणे-कल्याणलाही सावध केले होते, पण वादळाचा मध्य दक्षिणेकडून गेला. तेव्हा काहीजण म्हणाले, "उगाच घाबरवलं." तसे म्हणू नये. समुद्रावरच्या भोवऱ्याच्या वाटेत पंचवीस-तीस कोसांचा फरक पडणे काही विशेष नाही. तो फरक उलट बाजूला पडला असता तर?

१७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातेत गेले. ते १४ मे रोजी तयार झाले होते आणि तीन दिवसांत अतितीव्रच्याही वरच्या पायरीवर पोचले. मध्य समुद्रातच राहिला, तरी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले आणि सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला. तोही मे महिन्यात!

वादळाचा पाऊस म्हणजे मान्सून नव्हे

हा या पत्रिकेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून सावकाश वाचा.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वादळ आले की एक-दोन दिवस धो-धो पाऊस होतो. माती भिजते, मृगाचे दिवस असतात, आणि "आला पाऊस" म्हणून आपण सगळे बी राबात टाकून मोकळे होतो. पण वादळ आपल्याबरोबर समुद्रावरची वाफ ओढून घेऊन जाते. मागे राहते कोरडे आभाळ. मुंबई-ठाण्याला मान्सून साधारण ११ जूनला येतो असे धरतात. २०१९ मध्ये 'वायू' आणि २०२३ मध्ये 'बिपरजॉय' ही वादळे जूनमध्ये आपल्या समोरून वर गेली, आणि त्या दोन्ही वर्षी मुंबईत मान्सून पोचला २५ जूनला. 'निसर्ग'नंतरही मान्सूनला १४ जून उजाडला. अशा उघडिपीत उगवलेली रोपे करपतात. बी जाते, मजुरी जाते, आणि दुबार पेरणीला घरचे बी उरलेले नसते.

याच्या उलटही घडते. २०२५ च्या मे महिन्यात कमी दाबाचा तीव्र पट्टा रत्नागिरी-दापोलीच्या बाजूला जमिनीवर आला, आणि त्या पाठोपाठ २६ मे रोजी मुंबईत मान्सूनच दाखल झाला. म्हणून नुसते आभाळ पाहून ठरवू नये. हवामान खात्याने मान्सून आल्याचे जाहीर केले की नाही, हे ऐकूनच ठरवावे. त्यासाठी:

१. सगळे बी एका दिवशी टाकू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्पे करा. थोडे बी घरात राखून ठेवा.

२. धूळवाफेवर पेरणार असाल, तर जवळ विहीर, बोअर किंवा नाल्याचे पाणी आहे का, ते पाहा. उघडीप पडल्यास रोपाला पाणी देता येणार असेल तरच पेरा. नसेल, तर थांबा. चार दिवसांचा उशीर परवडतो, दुबार पेरणी परवडत नाही.

३. रोपासाठी गादीवाफे करा. जादा पाणी चरातून निघून जाते आणि बी वाहून जात नाही.

४. गुरांचा पेंढा, गोवऱ्या, सरपण, खताच्या गोण्या २० मेच्या आत आडोशाला घ्या. घराचे, गोठ्याचे कौल-पत्रेही तोवर पक्के करा. जूनची वाट पाहण्याचे दिवस गेले.

५. तयार झालेला आंबा इशारा मिळताच उतरवून घ्या.

सुगीत काय करावे?

कापलेले भात दोन-तीन दिवस उन्हात वाळायला पसरून ठेवण्याची आपली रीत जुनी आहे आणि चांगली आहे. पण ती रीत ऑक्टोबरचे ऊन भरवशाचे होते तेव्हाची. आता कापणीचा दिवस ठरवण्यापूर्वी पुढील चार-पाच दिवसांचा अंदाज ऐकावा.

शक्य असेल तिथे सगळी खाचरे एकाच वाणाखाली ठेवू नका. हळवे, निमगरवे आणि गरवे अशी वाटणी केली, तर सगळे भात एकाच पावसात सापडत नाही. लोंबीतले ८० ते ९० टक्के दाणे पिवळे झाले की कापणी करा. सगळी लोंबी खडखडीत होण्याची वाट पाहत बसू नका. कापणीपूर्वी आठ-दहा दिवस खाचरातील पाणी काढून टाका.

आज जेवढे झोडता येईल तेवढेच आज कापा. वादळाचा इशारा असेल तर पिकलेले भात कापून लगेच खळ्यावर न्या. नेणे शक्य नसेल, तर कापूच नका. उभे भात भिजले तर वाऱ्याने पुन्हा सुकते. कापून चिखलात पडलेल्या भाताला दोन-चार दिवसांत मोड येतात.

उडवी उंच जागी, खाली दगड किंवा लाकडे घालून रचा. लोंब्या आत, बुंधे बाहेर ठेवा. वरून ताडपत्री घालून ती दोराने चारी बाजूंनी बांधा. वादळात वारा एकाच दिशेने राहत नाही. वादळ समुद्रातून उत्तरेकडे सरकत असेल, तर आपल्याकडे वारा आधी पूर्व-आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटी नैऋत्येकडून येतो. एका बाजूने बांधलेली ताडपत्री दुसऱ्या बाजूच्या वाऱ्याने उडते.

भात भिजलेच, तर ओल्या भाऱ्यांची रास करू नका. आत ऊब धरून दाणा तांबडा पडतो. पडवीत, ओसरीवर पातळ पसरा, ओले असले तरी लवकर झोडून घ्या आणि दाणा हलवत हलवत वाळवा. उभे भात लोळले असेल, तर खाचरातील पाणी आधी काढा आणि चार-पाच चूड एकत्र उभे करून बांधा.

काकडी, कारली, दोडक्याच्या मांडवाला कोपऱ्यांवर ताण द्या. कल्याणच्या बाजारात जाण्याजोगा माल आदल्या दिवशी तोडून घ्या.

खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी, म्हणजे डोंबिवली, दिवा, भिवंडीकडील खारजमिनी असलेल्यांनी, बांध आणि उघाडी पाहून ठेवाव्यात. वादळी वारा समुद्राचे पाणी खाडीत लोटतो. त्यातच भरती आणि वरून उल्हासेचे पाणी आले, तर निचरा होत नाही आणि खारे पाणी शेतात शिरते.

इशारे कसे ओळखावे?

वादळाची चाहूल हवामान खाते सुमारे तीन दिवस आधी देते. किनाऱ्याला धोका संभवत असेल तर सुमारे ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी आणि १२ तास आधी लाल इशारा येतो. पिवळ्याला सामान आवरा, नारिंगीला गुरे आणि धान्य हलवा, लाल इशाऱ्याला घराबाहेर पडू नका. मात्र आता वादळे झपाट्याने वाढतात, म्हणून 'कमी दाबाचा पट्टा' हा शब्द कानी पडताच कामाला लागावे. दिवसातून दोनदा रेडिओची बातमी ऐका. मोबाइलवर 'मेघदूत' ॲपमध्येही आपल्या जिल्ह्याचा सल्ला मिळतो.

इशारा ऐकून जीव वाचतात, याचा दाखला ओडिशाने दिला आहे. १९९९ च्या महाचक्री वादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१९ मध्ये 'फनी' वादळापूर्वी सुमारे बारा लाख लोकांना हलवले, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

वादळाच्या दिवशी गुरांची दावी सोडून ठेवा. झाडाखाली, जुन्या भिंतीच्या आडोशाला थांबू नका. तुटलेल्या तारेला हात लावू नका. मध्येच वारा एकदम पडला आणि आभाळ उघडल्यासारखे झाले, तर ते वादळाचा डोळा डोक्यावर आल्याचे लक्षण असू शकते. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तेवढ्याच जोराने येतो. म्हणून वादळ गेल्याचे रेडिओने सांगितल्यावरच बाहेर पडा. अडचणीत जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक फिरवा.

नुकसान झालेच तर

शेत साफ करण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तलाठ्यांना (आताचे ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी खात्याच्या गावच्या कर्मचाऱ्याला त्याच दिवशी कळवा. शासकीय मदतीसाठी ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान पंचनाम्यात यावे लागते, म्हणून पंचनाम्याच्या वेळी स्वतः शेतात हजर राहा. पीक विम्याचे नियम वेळोवेळी बदलतात. तेव्हा यंदा कोणत्या नुकसानीला भरपाई आहे, ते हंगामाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या.

लक्षात ठेवा

• मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे आता आपल्याही वादळाचे महिने आहेत.
• वादळाच्या पावसावर सगळे बी टाकू नका.
• झोडता येईल तेवढेच भात कापा.
• वादळ दूर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आणि मागच्या वेळी आले नाही म्हणून इशाऱ्याला हसू नका.

समुद्र थंड करणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. पण पिकलेले भात शेतात ठेवायचे की घरात आणायचे, हे आपल्या हाती आहे. ही पत्रिका दाराआड चिकटवून ठेवा आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

राम राम.